तेलकट नाक, कोरडे गाल : टोनर लावावा कसा?

कपाळ, नाक आणि हनुवटी दुपारपर्यंत तेलाने चमकू लागतात, गाल मात्र ओढल्यासारखे कोरडे राहतात. अशा त्वचेला मिश्र त्वचा म्हणतात. तेल सोडणाऱ्या ग्रंथी कपाळ-नाकाच्या पट्ट्यात जास्त असतात, गालांवर कमी, म्हणून असे होते.

टोनर घेताना सुवासावर जाऊ नये, बाटलीमागची बारीक अक्षरे वाचावीत. अल्कोहोलचे नाव पहिल्या दोन-तीन घटकांत असेल तर तो टोनर गालांना लावू नये. लावल्यावर झोंबते, गार वाटते, आणि पुष्कळजणींना ते गुण आल्याचे लक्षण वाटते. प्रत्यक्षात त्वचा आणखी कोरडी पडत असते. टोनरमुळे रंध्रे बंद होतात, हाही गैरसमजच.

चेहरा धुऊन कापसाच्या बोळ्यावर थोडा टोनर घ्यावा आणि दिवसातून एकदा फक्त तेलकट भागावर फिरवावा. तिथे मुरुमे येत असतील तर २ टक्क्यांपर्यंत सॅलिसिलिक ॲसिड असलेला टोनर उपयोगी पडतो. गालांना ग्लिसरीनयुक्त मॉइश्चरायझर पुरे.

टोनरऐवजी लिंबू चोळण्याची आपल्याकडे फार हौस! त्वचेचा सामू सुमारे ५, लिंबाच्या रसाचा सुमारे २. शिवाय रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात, आणि सावळ्या त्वचेवरचे डाग महिनोन्महिने जात नाहीत.

कोणत्याही टोनरने आग होत राहिली तर चेहरा साध्या पाण्याने धुवावा. दोन-तीन दिवसांत लाली न ओसरल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.