मत आणि खुर्ची

तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेला शेतमजूर टेबलासमोर उभा राहतो, तेव्हा कारकुनाने मान वर करण्यापूर्वीच त्याची नजर टेबलाच्या काचेखालून, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून फिरून आलेली असते; आणि तेथे एखाद्या पक्षाचे चिन्ह ठळकपणे दिसले, तर ‘आपण त्या बाजूचे नव्हे, आता आपले काम होईल काय?’ ही शंका त्याला ग्रासल्यावाचून राहत नाही. कारकून कदाचित अत्यंत सचोटीचा असेल, दाखला मुदतीत देईलही. परंतु अर्जदाराच्या इतबाराला तडा गेलेला असतो, आणि लोकशाहीतील कचेरीचा कारभार त्या इतबारावरच चालतो.

हा धोका ओळखूनच केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ चे आणि महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे वर्तणूक नियम रचले गेले. त्यांतील पाचव्या नियमान्वये सरकारी नोकराला राजकीय पक्षाचे सभासद होता येत नाही, पक्षाला वर्गणी देता येत नाही, प्रचारात उतरता येत नाही. मतदानाचा हक्क त्याला अबाधित आहे. मात्र आपले मत कोणाला गेले किंवा जाणार आहे, याचा सुगावाही त्याने लागू देता कामा नये. अंगावर, वाहनावर किंवा राहत्या घरावर निवडणूक-चिन्ह लावणे म्हणजे निवडणुकीत आपले वजन वापरणेच होय, असा खुलासाही तेथे आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३० व्या कलमाने तर मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार करण्यास आणि निवडणुकीच्या खुणा मिरविण्यास सर्वच नागरिकांना मनाई केली आहे.

तथापि सरकारी चाकरी पत्करली म्हणून माणसाचे नागरिकत्व संपुष्टात येत नाही. बिहार सरकारने आपल्या नोकरांना कोणत्याही प्रकारचे निदर्शन करण्यास सरसकट बंदी घातली, तेव्हा कामेश्वर प्रसाद खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी अवैध ठरविली. संपाचा मूलभूत हक्क मात्र मान्य केला नाही. नोकराच्या वाणीवर मर्यादा घालता येते, तिला कुलूप लावता येत नाही, असा या निर्णयाचा मथितार्थ आहे.

खासगी कारखान्यांना आणि पेढ्यांना हे वर्तणूक नियम लागू नाहीत. मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी द्यावी, असे कायदा मालकास सांगतो. परंतु दुपारच्या सुट्टीत डबे उघडलेले असताना साहेब खुर्ची ओढून बसतात आणि ‘यंदा आपली सगळ्यांची मते एकाच ठिकाणी पडली पाहिजेत’ असे सहज बोलून जातात, तेथे कायद्याचा हात पोहोचत नाही. ज्यांच्या पगारवाढीचा कागद साहेबांच्याच सहीसाठी अडला आहे, ती मंडळी हसून मान डोलावतात. साहेबांच्या लेखी त्या गप्पागोष्टी असतात. ऐकणाऱ्याच्या लेखी तो हुकूम असतो.

म्हणूनच मतप्रदर्शनाची मर्यादा ठरविताना मत कोणते आहे हे न पाहता, बोलणाऱ्याची ऐकणाऱ्यावर सत्ता किती आहे हे पाहावे. ज्याच्या सहीवर दुसऱ्याची भाकरी, दाखला किंवा परीक्षेतील गुण अवलंबून आहेत, त्याने त्या खुर्चीवरून अधिकाधिक संयम पाळावा. ज्याच्या हाती असे काहीच नाही, त्याला बोलण्याची अधिकाधिक मुभा असावी. प्रत्यक्षात मात्र बहुधा उलटेच घडते: साहेब मोकळेपणी बोलतात आणि शिपाई जीभ आवरतो.

बरोबरीच्या माणसांत मात्र मौन हा सद्गुण नव्हे. सलूनच्या भिंतीवर ‘येथे राजकीय चर्चा करू नये’ अशी पाटी लागते, स्नेहसंमेलनात राजकारणाचा विषय निघताच तो चतुराईने बदलला जातो. त्याने भांडण टळते, पण समाजाची विचारशक्तीही हळूहळू बोथट होते. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर यांनी टिळकांशी तीव्र मतभेद झाल्यावर १८८८ साली ‘सुधारक’ काढला आणि दोघांनी आपापली बाजू उघडपणे मांडली. त्या वादाने महाराष्ट्राचे सार्वजनिक जीवन समृद्धच झाले, कारण उत्तर देण्याची ताकद दोन्ही बाजूंना होती.

तेव्हा आपले मत बोलून दाखविण्यापूर्वी किंवा गाडीवर, दारावर मिरविण्यापूर्वी प्रत्येकाने एवढेच स्वतःस विचारावे की, समोरच्या माणसाला निर्भयपणे ‘मला हे पटत नाही’ असे म्हणता येईल काय? येत असेल, तर खुशाल बोलावे, हिरिरीने वाद घालावा. येत नसेल, तर आपल्या मतावर कितीही निष्ठा असली तरी त्या खुर्चीवर असेपर्यंत ते मनात ठेवणे, हेच नागरिकाचे कर्तव्य होय.