रात्रपाळीची झाडं

ऑगस्ट 2020. कोरोनामुळे जग घरात कोंडलेलं आणि न्यूझीलंडमध्ये ‘ट्रेड मी’ या संकेतस्थळावर एका कुंडीची बोली चढत चाललेली. झाड म्हणजे मॉन्स्टेरा या शोभेच्या वेलीसारखी दिसणारी एक छोटी वेल, पानं मोजून चार. बोली थांबली ती 8,150 न्यूझीलंड डॉलरवर, म्हणजे जवळपास 4 लाख रुपयांवर! पुढच्या जूनमध्ये त्याच जातीच्या नऊ पानी रोपाने 19 हजार डॉलरही ओलांडले. कारण एवढंच, की पानांवर पांढरे पट्टे होते. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून असं झाड रडतखडत वाढतं. बी पेरून तसंच पट्टेरी रोप येईल याची खात्री नाही, त्यामुळे फांदी कापूनच नवं रोप करायचं. माल थोडा, गिऱ्हाईक घरात बसून कंटाळलेलं. भाव चढणारच.

मराठवाड्यात, उमरगा तालुक्यातल्या मुरुमला हा शौक परवडणारा नाही. पैशाने तर नाहीच, पाण्यानेही नाही. कर्नाटकच्या सीमेलगतचा हा अवर्षणाचा पट्टा. शेजारच्या लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्यात 2020 ची टाळेबंदी लागली 25 मार्चला, ऊन तापायच्या तोंडावर. दमट जंगलातली वेल इथे जगवायची तर घरातल्या माणसांच्या वाट्याचं पाणी तिला पाजावं लागेल. पण अतरंगी झाडांची हौस भागवायला रोपवाटिकाच कशाला हवी? तेलाच्या रिकाम्या डब्यात नाहीतर रंगाच्या फुटक्या बादलीत त्याहून अचाट झाडं फुकटात नांदतात.

पानफुटीच घ्या. मूळची मादागास्करची, पण आपल्याकडे इतकी रुळलेली की परकी वाटतच नाही. तिचं पान ओल्या मातीवर नुसतं टाकून द्यावं. काही दिवसांत कडेच्या खाचांमधून आधी पांढरी मुळं, मग दोन-दोन इवली पानं डोकावतात; एका पानाच्या कडेला रोपांची रांगच लागते. जर्मन महाकवी गटेला या झाडाचं एवढं वेड, की तो मित्रमंडळींना पानंच धाडायचा. जर्मनीत आजही ते त्याच्या नावाने ओळखतात.

या पानाची खरी करामत मात्र भारतात उघड झाली, तीही चव घेऊन. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या बेंजामिन हाइन यांना पानफुटीचं पान सकाळी आंबट लागलं, दुपारी बेचव. लंडनच्या लिनियन सोसायटीला त्यांनी ते पत्राने कळवलं. ही 1813 सालची गोष्ट. कारण कळायला पुढे शंभरावर वर्षं गेली. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची रंध्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, पण त्याच दारातून पाणीही उडून जातं. पानफुटी दिवसा दारं लावून घेते आणि रात्रपाळी करते. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवते, म्हणून सकाळी पान आंबट. दिवसभरात सूर्यप्रकाशावर ते आम्ल खर्ची पडतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्याला याहून शहाणं झाड कोणतं?

ब्रह्मकमळही त्याच पाळीतलं. हिमालयातलं, उत्तराखंडचं राज्यफूल असलेलं ब्रह्मकमळ निराळं. आपल्या कुंडीतलं आहे ते मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं निवडुंग. आपण ज्याला पान म्हणतो तो चपटा दांडा, म्हणून तर कळी ‘पाना’च्या खाचेतून लोंबते. फुलायच्या रात्री ती मान वर उचलते, आठ-नऊच्या सुमाराला उमलू लागते आणि पहाटे मलूल होते. फुलाचा सुगंध मुळात निशाचर पतंगांसाठी. एरवी फुलाला ओवाळायला शेजारपाजार गोळा व्हायचा. कोरोनाच्या पावसाळ्यात ते दर्शन व्हॉट्सअ‍ॅपवर उरकावं लागलं. ड्रॅगन फ्रूट याचंच भावंड, तेही रात्रीच फुलतं.

गुळवेलीची गंमत वेगळी. तोडलेला दांडा सावलीत टांगून ठेवला तरी मरत नाही, उलट कोंब फोडतो आणि दोरीसारखी मुळं हवेत सोडतो. ‘अमृता’ हे नाव तिला शोभतं. कोरोनात मात्र तिच्याकडे गंमत म्हणून बघायला फुरसत कुणाला होती? जो तो काढ्यामागे. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असेल, असं त्यांचं म्हणणं. वाद बाजूला ठेवला तरी कुंपणावर दिसली ती गुळवेल, असं समजून काढा उकळणं धोक्याचंच. कडुनिंबावर चढवून नुसती बघायला ती झकास आहे.

आता यातलं काही लावायचंच असेल, तर नुसती काळी माती घेऊ नका. ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजवते. निम्मी जाड वाळू किंवा विटांचा चुरा मिसळा, डब्याला खालून भोकं पाडा. ब्रह्मकमळाचा दांडा चार दिवस सावलीत सुकवून मग खोचा, आणि कुंडी एप्रिल-मेच्या उन्हात ठेवू नका. पानफुटी मात्र गोठ्यापासून लांब हवी. तिच्यात हृदयावर परिणाम करणारी विषद्रव्यं असतात आणि ती खाऊन गुरं दगावू शकतात.