शेकल्याने कॅन्सर थांबत नाही

सामरवरणीत असो की सिल्वासात, स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन बाई घरी आली की कुणीतरी सांगतंच, “जागा शेकत राहा, गाठ परत येणार नाही.” वर पुरावाही देतात: मोठ्या दवाखान्यातसुद्धा शेवटी शेकच देतात ना!

नाही, देत नाहीत. लोक ज्याला शेक किंवा लाइट म्हणतात ते रेडिएशन. त्याच्या एका दिवसाच्या मात्रेने शरीराचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागानेही वाढत नाही. ते किरण उरलेल्या कॅन्सरपेशींचा डीएनए तोडतात. स्तन राखून फक्त गाठ काढलेल्या १०,८०१ स्त्रियांची माहिती २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली. रेडिएशन घेतलेल्यांत दहा वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून सुमारे १९ वर आलं होतं. रबरी पिशवीने हे कसं होणार?

मग कुणी मोबाइल पुढे करतं: “हायपरथर्मिया आहे की!” आहे. यंत्राने गाठ ४१ ते ४३ अंशांपर्यंत तापवतात, तापमान सतत मोजत. त्या उष्णतेत पेशींना किरणांनी तुटलेला डीएनए नीट सांधता येत नाही, म्हणून ती रेडिएशनच्या जोडीने देतात. १९९६ मध्ये पाच चाचण्यांतल्या ३०६ रुग्णांचे निकाल एकत्र प्रसिद्ध झाले: नुसत्या रेडिएशनने ४१ टक्के जणींची गाठ पूर्ण विरली, उष्णता जोडल्यावर ५९ टक्के. सर्वाधिक फायदा झाला तो आधी रेडिएशन झालेल्या जागी आजार उलटलेल्यांना. आयुष्य वाढल्याचं मात्र दिसलं नाही. म्हणजे हा मुख्यतः उलटलेल्या किंवा न काढता येणाऱ्या गाठीवरचा उपचार. ऑपरेशननंतर सरसकट द्यायचा नव्हे.

घरचा शेक निरुपद्रवी असता तर मी एवढं बोललो नसतो. ऑपरेशननंतर छातीची, काखेची त्वचा अनेकदा बधिर असते, चटका कळतच नाही. फोड येतो, चिघळतो, आणि काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हात सुजून कायमचा जड होऊ शकतो.

रेडिएशनसाठी वापीहून गाडी धरून परळच्या टाटा रुग्णालयात जायचं, तिथे राहायचं, हा खर्च मोठा आहे. म्हणूनच डॉक्टरांना विचारा: बऱ्याच जणींना आता पाचऐवजी तीन आठवडे, १५ वेळा किरण पुरतात.

उष्णतेबद्दल आणखीही काही समज आहेत. तापाने कॅन्सर जळतो? नाही. केमो चालू असताना ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

चुलीजवळ बसल्याने आजार उलटतो? नाही.

टॅमॉक्सिफेनची गोळी ‘उष्ण पडते’, म्हणून बंद करावी? अंगातून वाफा येतात त्या हार्मोनचं काम अडवल्यामुळे, आणि त्यावर उपाय आहेत. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं घेतलेल्या या गोळीने त्या कॅन्सरने मृत्यू येण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो. त्रास डॉक्टरांना सांगा, गोळी परस्पर सोडू नका.