साल्व्हियाची तरफ आणि तुलसी कुलाची फेरमांडणी

वनस्पतिसंग्रहातील कागदावर चिकटवलेले साल्व्हियाचे वाळके फूल तसेच उघडू गेल्यास त्याचा चुरा होतो. म्हणून अभ्यासक ते आधी गरम पाण्यात मऊ करून घेतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याचा पुष्पमुकुट, म्हणजे पाकळ्या जुळून तयार झालेली नळी, सुईच्या टोकाने उभा चिरतात. नळीच्या तोंडाशी वरचा आणि खालचा असे दोन ओठ असतात, आणि वरच्या ओठाच्या आडोशाला दोनच केसरदले, म्हणजे पराग निर्माण करणारे नर अवयव, आढळतात. सामान्य फुलात केसरदलाच्या टोकाशी परागकोशाचे दोन कप्पे लगटून असतात व त्यांना सांधणारा संयोजी नावाचा भाग इतका तोकडा असतो की तो सहसा लक्षातही येत नाही. साल्व्हियात मात्र हाच संयोजी लांबत जाऊन केसरदलाच्या दांडीच्या, म्हणजे तंतूच्या, टोकावर तराजूच्या दांडीसारखा तोललेला असतो. त्याच्या वरच्या टोकाला परागाने भरलेला कप्पा राहतो, तर खालच्या टोकाचा कप्पा अनेक जातींत वांझ होऊन त्याची चपटी पट्टी बनते आणि ती मधुरसाची वाट अडवून बसते. मधमाशी रसासाठी डोके आत घालते तेव्हा ही पट्टी मागे ढकलली जाते, वरची भुजा खाली झुकते आणि परागकप्पा माशीच्या पाठीवर टेकतो. माशी बाहेर पडली की तरफ पुन्हा जागेवर येते. पुढे ती माशी पराग झडून गेलेल्या जुन्या फुलावर उतरते, तेव्हा तेथे खाली वाकलेला किंजल्क, म्हणजे पराग स्वीकारणारे टोक, नेमका तिच्या पाठीला घासतो. जर्मन अभ्यासक क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल याने ही यंत्रणा 1793 मधील आपल्या ग्रंथात वर्णिली होती. ताज्या फुलात काडी सारून ती आजही पाहता येते, मात्र पक्ष्यांकडून परागण होणाऱ्या कित्येक जातींत तरफ आखूड किंवा निश्चल झालेली असल्याने तेथे हा प्रयोग फसतो.

इतका वैशिष्ट्यपूर्ण अवयव हाती लागल्यावर वर्गीकरणकारांनी त्यालाच प्रजातीची ओळख मानले, यात नवल नाही. लिनीअसने 1753 मध्ये फुलांची विभागणी मुख्यतः केसरदलांच्या संख्येवर केली, त्यामुळे दोन केसरदलांचे साल्व्हिया आणि चार केसरदलांची तुळस ही एकाच घडणीची झाडे त्याच्या ग्रंथात दूरदूरच्या वर्गांत जाऊन पडली. पण त्याच हिशेबाने सेज, म्हणजे औषधी साल्व्हिया, आणि रोझमेरी ही दोन झाडे मात्र एकाच पानावर शेजारी शेजारी आली. पुढे एकोणिसाव्या शतकात जॉर्ज बेंथम याने तुलसी कुलाची सविस्तर मांडणी केली आणि साल्व्हियाचे पोटविभाग पाडले. आज सुमारे 1000 जाती सामावणारी ही प्रजाती अमेरिका खंडांत, भूमध्य सागराभोवती व मध्य आशियात, आणि पूर्व आशियात अशा तीन मोठ्या प्रदेशांत बहरलेली आहे, आणि एवढ्या विस्ताराला तरफेची मदत झाली असावी, हा तर्क दीर्घकाळ पटण्याजोगा वाटत आला.

त्या तर्काखालील गृहीतक, म्हणजे तरफ एकदाच उद्भवली हे, प्रयोगशाळेत डळमळीत झाले. कोवळे पान सिलिका जेलमध्ये झटपट वाळवून त्यातून डीएनए वेगळा केला जातो, हरितकणूतील काही ठरावीक तुकड्यांच्या प्रती वाढवून त्यांचा अक्षरक्रम वाचला जातो, आणि अनेक जातींचे क्रम एकाखाली एक मांडून कोणते बदल कोणात समाईक आहेत हे तपासले जाते. समाईक बदलांच्या आधारे संगणक वंशवृक्ष रचतो. जे वॉकर, केनेथ सिट्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये असा वृक्ष प्रसिद्ध केला, तेव्हा साल्व्हियाच्या फांद्या एकत्र न येता वेगवेगळ्या जागी निघाल्या आणि त्यांच्या अधेमधे रोझमेरी, पेरोव्हस्किया यांसारख्या तरफ नसलेल्या प्रजाती बसलेल्या दिसल्या. वॉकर व सिट्स्मा यांच्या 2007 च्या अभ्यासानुसार तरफ किमान तीन वेळा स्वतंत्रपणे घडली आहे. सुईने उघडलेल्या फुलात हे अजिबात दिसत नव्हते असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. रोझमेरीच्या केसरदलावर भिंगाखाली एक बारीक दात दिसतो, आणि परागकोशाचा एकच कप्पा तेथे कार्यक्षम असतो, म्हणजे नात्याची खूण होतीच, तिचे वजन तेवढे ओळखले गेले नव्हते.

आता दोनच मार्ग उरले होते. एक म्हणजे साल्व्हिया फोडून तिच्या अनेक प्रजाती करणे, आणि दुसरा म्हणजे मधल्या पाच छोट्या प्रजातींना तिच्यात सामावून घेणे. पहिल्या मार्गाने शेकडो जातींची नावे बदलली असती, तर दुसऱ्याने अवघी 15. ब्रायन ड्र्यू आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दुसरा मार्ग सुचवला, आणि तोच शहाणपणाचा होता, कारण वंशवृक्षाशी दोन्ही मांडण्या सुसंगत असताना माळी, औषधनिर्माते आणि संग्रहपाल यांच्यावर शेकडो नवी नावे लादण्याला शास्त्रीय कारण उरत नाही. यातून रोझमेरीचे नाव साल्व्हिया रोझमॅरिनस झाले. तिचे जुने ऑफिसिनॅलिस हे विशेषण सेजकडे आधीपासूनच असल्याने ते नव्या प्रजातीत नेता आले नाही.

हाच प्रकार संपूर्ण कुलाच्या पातळीवर त्याआधीच घडला होता, आणि तो महाराष्ट्राच्या रानाशी थेट निगडित आहे. चौकोनी खोड, समोरासमोर पाने आणि चार खोल खंडांचा किंजपुट, म्हणजे फळ होणारा फुलाचा तळभाग, ही तुळशीची लक्षणे. सागाच्या व निर्गुडीच्या किंजपुटाला अशा खोल खाचा नसल्याने ती झाडे व्हर्बिनेसी कुलात ठेवली जात. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वेन युनेल याने 1934 मध्ये किंजपुटांचे पातळ छेद घेऊन बीजके, म्हणजे पुढे बी होणारे कण, आत नेमकी कोठे चिकटलेली असतात ते पाहिले, तेव्हा त्या कुलातील बऱ्याच प्रजातींत ती तुळशीप्रमाणेच आतल्या पडद्याच्या कडेवर नसून बाजूवर आढळली. फिलिप कँटिनो व सहकाऱ्यांनी 1992 मध्ये या प्रजाती तुलसी कुलात हलवल्या आणि डीएनएच्या पुराव्यानेही त्याला दुजोरा दिला. म्हणजे येथे सुई आणि छेद यांनी डीएनएच्या साधनांच्या कितीतरी आधी योग्य दिशा दाखवली होती. साग, शिवण, निर्गुडी आणि भारंगी आज तुळस, पुदिना व तुंबा यांच्याच कुलात गणल्या जातात. थिओडोर कुक याच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात, किंवा त्यावर आधारलेल्या जुन्या मराठी पुस्तकांत, ही झाडे शोधणाऱ्याने मात्र व्हर्बिनेसीचे प्रकरणच उघडावे.