लॉवेलच्या गिरणकामगार मुली

1845 साली व्हर्माँट राज्यातल्या मेरी पॉल नावाच्या मुलीनं वडिलांना पत्र लिहिलं. तिला लॉवेलला जायचं होतं. कारण साधं होतं: इथं राहून अंगावर धड कपडे घेण्याइतकीही कमाई होत नाही, तिथं होईल. गावाकडं दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणं किंवा शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवणं, एवढेच दोन मार्ग तिच्यासारखीला मोकळे होते. न्यू इंग्लंडच्या खडकाळ शेतांवर वाढलेल्या हजारो मुलींनी त्या काळात हाच विचार केला आणि गाठोडं बांधलं. स्त्रीच्या श्रमाला अमेरिकेत रोख मोल कसं मिळू लागलं, हे समजून घ्यायचं तर मॅसॅच्युसेट्समधल्या या गिरणीशहराकडं पाहावं लागतं.

शहराला नाव मिळालं ते फ्रान्सिस कॅबट लॉवेल या बॉस्टनच्या व्यापाऱ्याचं. 1810 ते 1812 या काळात तो इंग्लंडमध्ये होता. यंत्रांचे आराखडे देशाबाहेर न्यायला तिथं बंदी होती. लॉवेलनं गिरण्या हिंडून पाहिल्या, यंत्रमागाची रचना डोक्यात साठवली आणि मायदेशी परतल्यावर पॉल मूडी या हुशार यंत्रकारागिराकडून माग बनवून घेतला. 1814 च्या सुमारास वॉल्थॅमला त्यांची गिरणी सुरू झाली. कापूस पिंजण्यापासून कापड विणण्यापर्यंतची सगळी कामं तिथं एकाच छपराखाली होत. 1817 साली लॉवेल वारला. त्याच्या भागीदारांना आणखी मोठी नदी हवी होती. मेरिमॅक नदी पॉटकेट धबधब्यापाशी सुमारे 32 फूट खाली उतरते. त्या पाण्यावर 1823 मध्ये पहिल्या गिरणीतून कापड निघालं. 1826 मध्ये वसाहतीला गावाचा दर्जा मिळाला, तेव्हा तिथं जेमतेम अडीच हजार माणसं होती. 1850 पर्यंत ती तेहतीस हजारांवर गेली.

यंत्रं आली, पाणी होतं, पण कामाला माणसं कुठून आणायची? पुरुष शेतीत गुंतलेले, नाहीतर पश्चिमेच्या जमिनीकडं डोळे लावून बसलेले. घरोघरची सूतकताई आणि विणाई गिरण्यांच्या स्वस्त मालापुढं बंद पडत चालली होती, त्यामुळं मोकळे हात होते ते मुलींचे. मात्र इंग्लंडच्या गिरणीशहरांतली बकाली ऐकून असलेले आईबाप लेकींना पाठवायला तयार होणार नव्हते. त्यांची खात्री पटावी म्हणून कंपन्यांनी गिरणीलगत विटांच्या खानावळी बांधल्या. मुलींनी राहायचंही तिथंच. त्या चालवायला बहुधा विधवा बायका नेमल्या. रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्च सक्तीचं, वागणुकीवर बारीक नजर.

मुंबईच्या गिरणगावातही बायकांनी चालवलेल्या खानावळी होत्या, पण तिथं जेवायला येत ते कोकणातून, घाटावरून आलेले पुरुष. घरची बाई गावी शेत राखत असे. लॉवेलमध्ये उलट झालं. गाव सोडून शहरात आल्या त्या मुली. 1830 च्या दशकात कामगारांतला तीन चतुर्थांशाहून मोठा हिस्सा स्त्रियांचा होता.

काम सोपं नव्हतं. उन्हाळ्यात पहाटे साडेचारला घंटा वाजे. दिवसाला बारा-तेरा तास, आठवड्याचे सहा दिवस. नाश्त्याला आणि दुपारच्या जेवणाला मिळून तास-सव्वा तास सुट्टी. त्यातच खानावळीपर्यंत पळत जायचं आणि पळत परतायचं. माग खात्यात सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद ठेवून हवा दमट राखत. थंडीत तेलाच्या दिव्यांचा धूर त्यात मिसळे. धोट्यात नवी कांडी बसवली की दोऱ्याचं टोक छिद्रातून तोंडानं ओढून घ्यायचं, आणि प्रत्येक ओढीबरोबर कापसाचे तंतू छातीत जायचे. शेकडो मागांच्या खडखडाटात शेजारणीचं बोलणंही ऐकू येत नसे.

या सगळ्याच्या बदल्यात आठवड्याला तीन डॉलरच्या आसपास हाती येत. त्यातले सव्वा डॉलर खानावळीचे वजा होत. उरलेली रक्कम तिची. ही ‘तिची’ असण्याची गोष्ट मोठी होती. त्या काळच्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईची कमाई नवऱ्याची ठरे. मॅसॅच्युसेट्समध्ये ते बदललं 1855 मध्ये. त्यामुळं लग्नाआधीची ही तीन-चार वर्षं हाच अनेकींच्या आयुष्यातला स्वतःच्या पैशाचा एकमेव काळ होता. कुणी बापाचं कर्ज फेडलं, कुणी भावाच्या शिक्षणाला हातभार लावला, कुणी बँकेत खातं उघडलं.

आणि त्या वाचत होत्या, झपाटल्यासारख्या वाचत होत्या. गिरणीत पुस्तक न्यायला मनाई होती, म्हणून पुढं कवयित्री झालेली लूसी लार्कम वर्तमानपत्रांतल्या कवितांची कात्रणं आपल्या जागेजवळच्या खिडकीच्या कडेला चिकटवून ठेवी. वर्गणीची वाचनालयं होती, संध्याकाळची व्याख्यानं होती. 1840 पासून ‘लॉवेल ऑफरिंग’ हे मासिक निघालं. त्यातलं लेखन गिरणीतल्या मुलींचं होतं आणि पुढं संपादनही हॅरिएट फार्ली आणि हॅरियट कर्टिस या दोघींनी केलं. 1842 मध्ये चार्ल्स डिकन्स लॉवेलला आला आणि या मासिकाची शेकडो पानं सोबत घेऊन गेला.

मालकांना या शिस्तबद्ध, सुशिक्षित मुलींचा अभिमान होता. पण एका खोलीत सहा-सहा जणी, एका पलंगावर दोघी झोपणाऱ्या मुली रात्री काय बोलतात, यावर कुणाचा पहारा नव्हता. घरच्या गोष्टींबरोबर मजुरीच्या गोष्टीही होत होत्या. फेब्रुवारी 1834 मध्ये मजुरीकपातीची नोटीस लागली आणि सुमारे आठशे जणी काम सोडून रस्त्यावर आल्या. तो संप काही दिवसांतच मोडला. 1836 मध्ये राहण्या-जेवणाचे पैसे वाढवून कंपन्यांनी आडमार्गानं मजुरी कापली, तेव्हा दीड हजारांहून जास्त जणी बाहेर पडल्या आणि त्यांनी स्वतःची संघटना उभारली. त्यात हॅरिएट हॅन्सन ही अकरा वर्षांची पोर होती. खात्यातल्या मोठ्या मुली बाहेर पडू की नको म्हणून घुटमळत असताना ती पुढं झाली, आणि मागं वळून पाहते तर सगळी रांग तिच्यामागं. तिची विधवा आई कंपनीची खानावळ चालवी. मुलीला आवरलं नाही म्हणून कंपनीनं आईला कामावरून काढलं. संप मात्र वाया गेला नाही. काही गिरण्यांना दरवाढ मागं घ्यावी लागली.

पुढची मागणी होती दहा तासांच्या दिवसाची. सेरा बॅग्ली या विणकर स्त्रीच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली गेली, हजारो सह्यांचे अर्ज विधिमंडळात गेले. 1845 मध्ये विधिमंडळाच्या समितीपुढं उभं राहून गिरणीतल्या बायकांनी हवेबद्दल, तासांबद्दल, आजारांबद्दल साक्षी दिल्या. मतदानाचा हक्क नसलेल्या बायका कायदेमंडळाला जाब विचारत होत्या. समितीनं हात झटकले. तिचा अध्यक्ष विल्यम स्काउलर हा लॉवेलचाच प्रतिनिधी. बायकांनी त्याच्याविरुद्ध प्रचार केला आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत तो पडला. स्त्रियांसाठी दहा तासांचा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये यायला 1874 उजाडलं.

या कहाणीची काळी बाजू सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही. मागावरचा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला होता, आणि तिथं विणलेलं जाडंभरडं कापड पुन्हा त्याच गुलामांच्या अंगावर जाई. ते त्याला ‘लॉवेल’च म्हणत. एका स्त्रीच्या स्वातंत्र्याचा धागा दुसऱ्या स्त्रीच्या गुलामीतून निघत होता. लॉवेलमधल्या काही जणींना हे टोचत होतं. त्यांनी गुलामगिरीविरोधी अर्जांवर सह्या केल्या. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि दक्षिणेचा कापूस अडला. लॉवेलच्या बहुतेक गिरण्यांनी साठ्यातला कापूस चढ्या भावानं विकून हजारो कामगारांना घरी बसवलं. त्याच टंचाईनं भारतीय कापसाची मागणी वाढवून मुंबईच्या बंदरात पैशाचा पूर आणला आणि 1865 मध्ये युद्ध संपताच तो ओसरून अनेकांचं दिवाळं निघालं.

तोवर लॉवेलची घडण बदलली होती. एकेकीवर जास्त माग लादले जात होते, यंत्रांचा वेग वाढत होता. शेतकऱ्यांच्या मुली माघारी फिरल्या आणि त्यांच्या जागी दुष्काळातून पळून आलेल्या आयरिश बायका, मग फ्रेंच कॅनडियन, पोर्तुगीज, ग्रीक कुटुंबं आली. विसाव्या शतकात धंदा दक्षिणेकडं सरकला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. 1978 मध्ये जुन्या गिरण्या आणि कालव्यांचा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून जपला गेला. तिथल्या संग्रहालयात आजही माग चालवून दाखवतात आणि पाहुण्यांना कानात घालायला बोळे देतात.

लॉवेलचा गौरव करणारे आजही मालकांच्या दूरदृष्टीकडं बोट दाखवतात: नीटस खानावळी, वाचनालयं, शिस्त. मला हा हिशेब पटत नाही. मालकांना स्वस्त आणि आज्ञाधारक हात हवे होते, आणि ते मिळवण्यासाठी त्यांनी मुलींना एकत्र आणून ठेवलं. त्या एकत्र राहण्यातून संघटना, मासिक, अर्ज आणि साक्षी निर्माण केल्या त्या मुलींनी. बाईचं काम हे काम आहे, त्याच्या तासांना मर्यादा हवी आणि त्याची मजुरी तिच्याच हातात पडायला हवी, हे तीनही मुद्दे त्यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी नोकरी पणाला लावून मांडले. त्याचं श्रेय त्यांच्याच नावावर जमा झालं पाहिजे.