क्रिएटिनिन १.१ : धूर, अग्नी आणि ओलं सरपण

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातलं अनुमान पाहिलं. त्यानंतर आलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक मी मुद्दाम आजच्यासाठी बाजूला ठेवली होती. तीत लिहिलंय : 'आईचं वय ७०. किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.१ आलं. लॅबच्या कागदावर ते नॉर्मलमध्ये बसतं, पण डॉक्टर म्हणतात, मूत्रपिंडं थकलीत, गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. खरं कोणाचं धरायचं?' हा प्रश्न निम्मा तर्कशास्त्राचा आहे, म्हणून मी त्याला हात घालतो. माझी डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली आहे. गोळी कुठली घ्यायची ते मला विचारू नका.

आधी मूत्रपिंड करतं काय ते बघू. दोन्ही मूत्रपिंडांत मिळून सुमारे २० लाख बारीक गाळण्या असतात. त्यांतून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतला जातो. लघवी होते ती दीड-दोन लिटर. ही गाळण्याची गती तरुण निरोगी माणसात मिनिटाला १०० ते १२० मिलिलिटरच्या आसपास असते. आपल्याला कळायला हवी ती ही गती. ती नीट मोजायची तर शिरेतून एखादा पदार्थ देऊन तो किती वेळात बाहेर पडतो हे तासन्‌तास तपासावं लागतं. प्रत्येक रोग्याला ते कोण करणार? म्हणून आपण अनुमान करतो.

अनुमानाचं चिन्ह म्हणजे क्रिएटिनिन. आपल्या स्नायूंतून हा टाकाऊ पदार्थ रोज जवळपास सारख्याच प्रमाणात रक्तात येतो आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. कोयनेच्या धरणाची पातळी वाढली की आपण दोन गोष्टी विचारतो : दरवाजे किती उघडलेत, आणि येवा किती आहे? क्रिएटिनिनच्या बाबतीत आपण फक्त दरवाज्यांचं विचारतो, येव्याचं विसरतो. इथला येवा म्हणजे स्नायू.

आता न्यायशास्त्राकडे या. (वाईच्या परिसरातली मंडळी समोर बसलीत, तर्कतीर्थांच्या गावची; त्यांना हे नवं नाही.) धूर दिसला तर अग्नी आहे असं म्हणता येतं. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर निघायला ओलं सरपण लागतं. या मधल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. ती लक्षात घेतली नाही की अनुमान फसतं.

त्या आईंचं नेमकं हेच झालंय. मूत्रपिंडाचा बिघाड हा अग्नी, वाढलेलं क्रिएटिनिन हा धूर आणि स्नायू हे ओलं सरपण. सत्तरीतल्या कृश बाईच्या अंगावर स्नायूच थोडे. सरपण नाही, मग धूर कुठून येणार? आग मात्र असू शकते. उलट बाजूही आहे. आपला भाग पैलवानांचा. १९५२ साली हेलसिंकीत ऑलिंपिकचं कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. तसा कसलेला गडी असेल तर मूत्रपिंडं ठणठणीत असतानाही त्याचं क्रिएटिनिन १.३ किंवा १.४ येऊ शकतं. तिथे ते धुकं असतं, आपल्याला धूर वाटतो.

म्हणून क्रिएटिनिन, वय आणि लिंग एकत्र घेऊन गाळण्याच्या गतीचा अंदाज काढणारं सूत्र वापरतात. रिपोर्टवर 'ईजीएफआर' म्हणून छापतात ते हेच. हिशेब करून पाहा. तेच १.१ क्रिएटिनिन २५ वर्षांच्या तरुणाला असेल तर गती येते सुमारे ९५. सत्तर वर्षांच्या बाईला असेल तर सुमारे ५४. आकडा एक, अर्थ दोन. तीन महिने किंवा अधिक काळ ६० च्या खाली राहिली तर दीर्घकालीन मूत्रपिंड-विकार धरतात. तेव्हा डॉक्टर उगाच बोलले नाहीत.

पण सूत्रालाही पैलवान आणि उपाशी म्हातारी यांतला फरक दिसत नाही. त्याला फक्त वय आणि लिंग कळतं. अमेरिकेत तर या सूत्रात कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता, तो २०२१ साली काढून टाकला. शंका असेल तेव्हा सिस्टॅटिन सी नावाची तपासणी करतात; तिच्यावर स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही.

आणखी एक गोम आहे. गाळण्याची गती निम्मी झाली की क्रिएटिनिन साधारण दुप्पट होतं. आता ०.६ वरून १.२ झालं तर? बऱ्याच लॅबच्या कागदावर दोन्ही आकडे नॉर्मल! निम्मं काम गेलं आणि कागदावर तांबडी खूणही नाही. म्हणून मी म्हणतो, जुने रिपोर्ट रद्दीत घालू नका. आपला आजचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी नव्हे, आपल्याच पाच वर्षांपूर्वीच्या आकड्याशी ताडून बघायचा.

एका रिपोर्टवर घाबरायचंही नाही. आदल्या रात्री मटणाचं जेवण झालं असेल, जुलाब झाले असतील, उन्हात ऊस तोडून अंगातलं पाणी आटलं असेल, तर आकडा तेवढ्यापुरता चढतो. युरियाचं तर विचारूच नका. तो आहारावर आणि पाण्यावर फारच हलतो.

मला सगळ्यात खटकतं ते वेगळंच. 'किडनी प्रोफाइल' म्हणून जी तपासणी विकली जाते तिच्यात बरेचदा लघवी तपासलेलीच नसते. मधुमेहात गाळणीला भोक पडतं ते आधी लघवीत दिसतं : अल्ब्युमिन हे प्रथिन झिरपायला लागतं. अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या वर वारंवार आलं तर ती सूचना असते, आणि त्या वेळी रक्तातलं क्रिएटिनिन अगदी बरोबर असू शकतं. सकाळची पहिली लघवी द्यावी. ताप असताना देऊ नये. त्या आईंचंही यावर बरंच अवलंबून आहे. गती ५४ आहे पण अल्ब्युमिन जात नसेल, तर धोका पुष्कळ कमी. जात असेल तर रक्तदाब, साखर, औषधं, सगळंच काटेकोर बघावं लागेल. वेदनाशामकाचं डॉक्टरांनी सांगितलंय ते दोन्ही बाबतींत पाळावं. त्या वर्गातल्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात, आणि आपल्याकडे त्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय सहज मिळतात.

शेवटची चिठ्ठी : 'भरपूर पाणी प्यायल्यावर क्रिएटिनिन उतरतं का?' अंगात पाणी कमी पडून चढलेलं असेल तर उतरतं. गाळण्याच झिजल्या असतील तर पाण्याने त्या परत येत नाहीत. आणि पायावर सूज असेल, हृदय कमजोर असेल, तर जास्त पाणी उलट अंगावर येतं. किती प्यायचं ते डॉक्टरांना लिटरमध्ये विचारून घ्या.