शाळा-संकुल : अर्धी राहिलेली सुधारणा

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर काटेवाडी आहे. या गावाभोवती नकाशावर दहा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्यात बारामती तालुक्यातली कन्हेरी येते आणि इंदापूर तालुक्यातले भवानीनगरही येते. वर्तुळात वाड्यावस्त्यांवरच्या छोट्या प्राथमिक शाळा आहेत, तशी माध्यमिक विद्यालयेही आहेत. मुले एकीतून दुसरीत जातात. शिक्षक मात्र क्वचितच जातात. चौथीत अपूर्णांक कसा शिकवला गेला हे आठवीच्या गणिताच्या शिक्षकाला ठाऊक नसते, आणि आपली मुले पुढे कुठे अडखळली हे चौथीच्या गुरुजींपर्यंत पोचत नाही.

हा तुटकपणा देशभरचा आहे. तो कसा घालवावा याचा विचार भारत सरकारने १९६४ साली नेमलेल्या शिक्षण आयोगाने केला होता. आयोगाचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी हे भौतिकशास्त्रज्ञ होते. सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे. १९३०च्या दशकात धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या खेड्यात त्यांनी ग्रामसुधारणेचे काम केले होते. खेड्यातली शाळा त्यांना कागदावरून ठाऊक झालेली नव्हती, हे लक्षात ठेवले की अहवालातल्या काही शिफारशी अधिक नीट कळतात.

जून १९६६ मध्ये सादर झालेल्या त्या अहवालातले १०+२+३ हे सूत्र सर्वांच्या परिचयाचे आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर व्हावा, ही शिफारसही वारंवार आठवली जाते. शाळा-संकुलाची कल्पना तेवढी माहीत नाही. आमच्या मते ती अधिक मूलगामी होती. एक माध्यमिक शाळा आणि तिच्या परिसरातल्या प्राथमिक शाळा यांचा एक गट करायचा. ग्रंथालय व प्रयोगशाळा यांचा लाभ गटातल्या सर्वांना द्यायचा. शिक्षकांनी एकत्र बसून अध्यापनाचा विचार करायचा. आणि या गटाचे नेतृत्व मुख्याध्यापकाने करायचे. म्हणजे मुख्याध्यापक केवळ आपल्या इमारतीचा व्यवस्थापक राहत नाही. भोवतालच्या शाळांतल्या शिकण्याची जबाबदारीही त्याच्याकडे येते. निर्णयाचे थोडे अधिकार खात्याने या गटाकडे सोपवावेत, असेही आयोगाला अभिप्रेत होते.

यामागचे साधे गणित पाहू. समजा, एका तालुक्यात २५० शाळा आहेत आणि वर्षाचे कामाचे दिवस २२०. एका अधिकाऱ्याने रोज एक शाळा पाहिली, तरी वर्षअखेर ३० शाळा उरतात. उलट दहा शाळांच्या संकुलात मुख्याध्यापकाने आठवड्याची एकच सकाळ दिली, तरी दहा आठवड्यांत फेरी पुरी होते. वर्षात चार फेऱ्या सहज होतील. पहिल्या भेटीत दिसलेली अडचण दुसऱ्या भेटीत सुटली की नाही, हे पाहता येते.

दुसरे गणित प्रशिक्षणाचे. राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र आणि मग वर्गशिक्षक असे चार टप्पे नव्या कल्पनेला ओलांडावे लागतात. प्रत्येक टप्प्यावर सत्तर टक्के आशय पुढे गेला असे मानले (हे मानणे उदारपणाचेच आहे), तर ०.७ चा चौथा घात ०.२४ येतो. वर्गापर्यंत जेमतेम पाव भाग पोचतो! हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत; पण राष्ट्रीय पातळीवरच्या सुधारणा वर्गात का विरतात, याचा अंदाज त्यांवरून यावा.

महाराष्ट्रात १९९४-९५च्या सुमारास केंद्रप्रमुखाचे पद निर्माण झाले. साधारण दहा शाळांमागे एक अनुभवी शिक्षक मार्गदर्शक म्हणून असावा, हा हेतू कोठारी आयोगाच्या विचाराशी जुळणारा होता. प्रत्यक्षात अनेक पदे दीर्घकाळ रिकामी राहिली आणि जी भरली, त्यांतल्या पुष्कळांचा वेळ माहितीचे तक्ते गोळा करण्यात गेला. पद चांगले, पण काम बदलले. याउलट सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांबरोबर वर्गात बसून ज्ञानरचनावादी पद्धती उभी केली. ती पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. त्यांनी सहकाऱ्याचा वर्ग पाहिला. मध्ये टप्पाच नव्हता!

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पाच ते दहा किलोमीटर परिसरातल्या शाळांचे संकुल पुन्हा सुचवले आहे, आणि आयोगाची ती कल्पना तशीच राहून गेल्याचे मान्यही केले आहे. येथे एक सावधगिरी हवी. संकुल म्हणजे छोट्या शाळा बंद करून मुलांना बसने एका ठिकाणी नेणे नव्हे. २०२३ पासून आपल्याकडे चर्चेत आलेल्या समूह शाळांशी त्याची गल्लत होते. संकुलात शाळा जागच्या जागी राहते. फिरायचे असते शिक्षकांनी, पुस्तकांनी आणि उपकरणांनी.

आता काटेवाडीच्या वर्तुळाकडे परत येऊ. प्रशासकीय केंद्रे तालुक्याच्या हद्दीत आखली जातात. ऊस मात्र हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहे आणि भवानीनगरला साखर कारखाना आहे. गळीत हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या तोडणी कामगारांच्या कोप्या आज एका गावी असतात, तर पुढे दुसऱ्या. त्यांच्या मुलाने डिसेंबरात एका शाळेत वाचायला सुरुवात केली आणि जानेवारीत कोपी हद्दीपलीकडे गेली, तर नव्या गुरुजींना त्या मुलाला किती अक्षरे येतात हे सांगणार कोण? अंतरावर आखलेल्या संकुलात या मुलासाठी एकच नोंदपत्रक ठेवता येईल, आणि त्याचा पाठपुरावा कोणत्या मुख्याध्यापकाने करायचा हेही ठरवता येईल.

शिक्षकांच्या पहिल्या बैठकीसाठी आम्ही एकच प्रश्न सुचवू. पाचवी, सातवी आणि नववीच्या मुलांना १/२ + १/३ ही बेरीज करायला द्यावी. २/५ असे उत्तर लिहिणारे विद्यार्थी तिन्ही वर्गांत सापडण्याची शक्यता आहे. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याची ही सवय नेमकी कुठे लागते, हे तीन वर्गांच्या उत्तरपत्रिका एका टेबलावर ठेवून पाहावे. बैठकीला दीड तास पुरेल.